आडवा हो जरा

आमच्या लालबागच्या चाळीत आजाऱ्याला भेटायची एक रीत आहे. डबा घेऊन जायचं, त्याला समोर बसवून खायला लावायचं आणि शेवटचा घास गिळला की म्हणायचं, "आडवा हो जरा." मग भेटणारा समाधानाने घरी जातो. बाबांची फुप्फुसं बदलली, डॉक्टरांनी माणसांना भेटायची परवानगी दिली, आणि ही रीत आमच्या खोलीत जवळजवळ रोज पाळली जाऊ लागली. माणसं प्रेमाने येत होती, हे मला कळतं. तरी त्यांच्याविषयी आदराने लिहिलं तर ते खोटं होईल.

वर्षभराने बाबांच्या, फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या फुंकायच्या टेस्टचा आकडा उतरू लागला. नाकातून बारीक नळी घालून तपासणी झाली तेव्हा कळलं, बाबा आडवे झाले की पोटातलं वर येतं आणि थोडं थोडं नव्या फुप्फुसांत उतरतं. असंच चाललं तर ती निकामी होतील. डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं: जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळायचा, म्हणजे वर यायची वाट आवळली जाते. तोवर खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायला सांगितल्या.

थोरले काका हे ऐकून हसले. बाबांना त्यांनीच वाढवलं, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"फुप्फुस वर, पोट खाली. तुमचा डॉक्टर मजला चुकला," ते म्हणाले. "पित्त आहे रे ते. सोलकढी पी, बसेल."

"मला जळजळ पण होत नाही, दादा," बाबा म्हणाले.

"मग झालं तर."

मी चाचरत म्हटलं, "काका, जळजळ न होताही वर येतं. पित्ताच्या गोळीनेही नुसता आंबटपणा कमी होतो, वर यायचं थांबत नाही."

"तू कॉमर्सला ना गं?"

कॉमर्सलाच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून बोलताना अजून अडखळते. पण डॉक्टरांसमोर मी बसले होते. काका तेव्हा चाळीखाली कॅरम खेळत होते. हृदयापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्यावर मत असणारे चाळीत बरेच आहेत. काका फक्त त्या सगळ्यांत मोठ्याने बोलतात.

त्या संध्याकाळी त्यांनी बाबांना मटण-वडे भरवले. मग त्यांची नजर खाटेवर गेली.

"ही काय तिरकी खाट? माणूस घसरेल की," म्हणत त्यांनी विटा काढल्या. बाबा निमूटपणे सपाट आडवे झाले. थोड्या वेळाने खोकत उठले, ते बसूनच राहिले. काका पाठ चोळत होते. बाबांनी त्यांचा हात बाजूला केला.

"दादा, कुणाच्या तरी घरचं माणूस गेलं म्हणून ही फुप्फुसं मला मिळाली. तुझ्या शब्दाखातर नासवू?"

काकांनी वाकून विटा परत खाटेच्या पायांखाली सरकवल्या. त्यांना आपला शब्द मागे घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

ऑपरेशन झालं. बाबांना आता नीट ढेकर येत नाही, पोट फुगतं, घास बारीक चावावा लागतो. टेस्टचा आकडा मात्र आहे तिथे थांबला. गेलेलं परत मिळालं नाही, पण डॉक्टर म्हणाले, थांबणंच हवं होतं.

काका हल्ली जिन्यात सांगतात, ऑपरेशनचा आग्रह त्यांचाच होता. ऐकणारे माना डोलावतात. बाबा त्यांच्या शेजारून एका दमात मजला चढून येतात.