डावी बाजू त्याची

नोकरीची पहिली पंधरा वर्षं मी गाड्यांचे तुकडे काढण्यात घालवली. एका गाडीचा मागचा दिवा माझा, दुसरीच्या दाराचं हँडल माझं, एका टेम्पोच्या पुढच्या जाळीवर तर अख्खा पावसाळा गेला. रस्त्यात यातलं काही दिसलं की बायको बोट दाखवायची, "ते बघा, तुमचं हँडल चाललंय." हँडलाचं कौतुक माणसाला किती दिवस पुरणार? मला अख्खी गाडी हवी होती, नाकापासून शेपटापर्यंत माझी एकट्याची.

आणि ती चालून आली होती. कंपनीने कुटुंबासाठी एक लहान गाडी करायची ठरवली. लांबीला आखूड, पण तीन रांगांत सात माणसं बसतील अशी. नवरा-बायको, दोन मुलं, आई-वडील आणि ऐन वेळी "मीही येते" म्हणणारी एक आत्या. डिझाइनच्या खात्यात मी सगळ्यात जुना, तेव्हा हे काम माझ्याकडेच येणार हे मी धरून चाललो होतो. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी जेवायच्या टेबलावर माझे कागद पसरलेले असायचे आणि घरची माणसं निमूटपणे खाली पाट मांडून जेवायची. खुद्द माझ्याकडे तेव्हा स्कूटर होती. पेठेत गाडी घेतली तर ती लावायची कुठे, हा प्रश्न कुठल्याही डिझाइनने सुटण्यातला नव्हता.

तेवढ्यात तो आला. लोणी काळभोरच्या शेतकऱ्याचा मुलगा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, डिझाइनच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. पहिल्याच दिवशी त्याने माझ्यासमोर कागद ओढला आणि चाकावरची कमान हात न उचलता काढली. तशी कमान काढायला मला चार प्रयत्न आणि एक खोडरबर लागायचं. त्या क्षणापासून तो मला आवडेनासा झाला. निदान उर्मट तरी असावा! तेही नाही. "सर, बघता का जरा?" असं विचारून आपलं काम माझ्यापुढे धरायचा. बघायला लागायचं, आणि बघितलं की माझा दिवस वाया जायचा.

आमच्या कामात एक रीत आहे. गाडी कागदावर पसंत पडली तरी तेवढ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. खऱ्या मापाचा सांगाडा करतात, त्यावर क्ले नावाची तपकिरी माती गरम करून थापतात आणि तासून तासून तिला गाडीचा आकार देतात. हे काम महागडं आणि वेळखाऊ, म्हणून दोन डिझाइनरांत मिळून एकच मॉडेल असतं. उजवी बाजू एकाची, डावी दुसऱ्याची. मग मोठे साहेब येतात, गाडीभोवती फिरतात आणि एक बाजू निवडतात. जी हरेल ती तासून टाकायची आणि तिच्या जागी जिंकलेल्या बाजूची नक्कल उभी करायची. आमच्या वेळी उजवी बाजू मला मिळाली, डावी त्याला. पुढचे तीन महिने आम्ही दोघं एकाच गाडीच्या दोन अंगांना उभे होतो. मधे गाडी होती म्हणून बरं.

माझ्या बाजूला खिडक्यांची खालची कड पुढून मागे चढत जायची, वरून छप्पर उतरत यायचं आणि तिसऱ्या रांगेपाशी त्या दोन्हींच्या मधे काच निमुळती होत संपायची. गाडी उभी असली तरी निघाल्यासारखी दिसायची. त्याने ती कड आडवी सरळ नेली होती आणि तिसऱ्या रांगेपाशी चक्क चार बोटं खाली उतरवली होती. मागचं दार रुंद केलं होतं आणि आत पाय टाकायचा उंबरठा खाली घेतला होता.

"आपण बसची खिडकी बसवताय का?" मी विचारलं. एरवी त्याला मी अरे-तुरे करायचो. 'आपण' म्हटलं की आमच्या पेठेत समोरच्याने काय ते समजायचं असतं.

"मागं बसल्यालाबी बाहेरचं दिसाया पाहिजे ना सर," तो म्हणाला. कामात बुडालेला असला की त्याची गावाकडची भाषा आपोआप वर यायची.

"मागे कोण बसतं? बॅगा."

तो नुसता हसला आणि पुन्हा तासायला लागला. टोमणा लागला नाही की मारणाऱ्यालाच लागतो.

सगळे कँटीनला गेले की मी गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला जायचो. क्लेचं काम डोळ्यांपेक्षा तळहाताला जास्त कळतं. आमचे सगळ्यात वयस्कर कारागीर तर डोळे मिटूनच हात फिरवायचे. मीही डोळे मिटून पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत हात फिरवला. कुठे अडखळ नाही, कुठे खड्डा नाही, कमानीवरून दारावर हात कधी आला ते कळलंच नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी तोंडाने जन्मभर केलं आहे, पण तळहाताला ते जमत नाही. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

माझ्या बाजूला मागच्या दारावर एक बारीक लाट राहिली होती. कारागिरांनी दोनदा सांगितलं होतं, "साहेब, इथं रेघ पोटात जातीय." मी म्हटलं, असू द्या, ट्यूबच्या उजेडात दिसत नाही. खरं म्हणजे ती लाट काढायची तर अख्खं दार पुन्हा करावं लागलं असतं आणि तेवढ्या दिवसांत डावी बाजू आणखी सुंदर झाली असती.

निवड होती एप्रिलमध्ये, दुपारी चार वाजता, बाहेर अंगणात. क्लेवर चंदेरी कागद ताणून बसवला होता, त्यामुळे गाडी खरीच पत्र्याची वाटत होती. मॉडेल कुठल्या तोंडाने उभं करायचं हे ठरवायचा मान जुना माणूस म्हणून माझा. मी माझी बाजू पश्चिमेला केली. उन्हात ती झळकावी आणि त्याची बाजू भिंतीकडे, सावलीत, अंधारी पडावी, एवढाच हेतू होता. त्याने बघितलं, त्याला कळलंही असावं. तो कागदाची सुरकुती काढत राहिला.

साहेब लोक आले. आधी माझ्याकडेच आले. उन्हात माझी बाजू खरोखर झळकत होती, आणि तिच्याबरोबर ती लाटही. तिरप्या उन्हाने दारावरची रेघ अशी पिळवटून दाखवली की शिपायालाही दिसली असती. "हे दार चेपलंय का?" एका साहेबांनी विचारलं. मी उत्तर जुळवत होतो तोवर दुसऱ्याने रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "फार ऊन आहे हो इथे." आणि सगळे वळसा घालून सावलीत गेले. तिथे त्यांना ताक दिलं. ताक पीत, भिंतीला टेकून, ती आठ माणसं अर्धा तास निवांत उभी राहिली, आणि समोर बघायला होती फक्त त्याची बाजू. एक साहेब मागच्या खिडकीपाशी खाली वाकले, मग दुसरे वाकले. मी उन्हात एकटा उभा होतो. ती व्यवस्था माझीच होती.

डावी बाजू निवडली गेली. सावलीमुळे नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं. उन्हात ठेवली असती तरी तीच निवडली असती, फक्त लवकर.

त्यानंतरचा महिना मी कधी विसरणार नाही. माझी बाजू तासून तिथे त्याच्या बाजूची नक्कल करायच्या कामावर देखरेख करायला साहेबांनी मलाच नेमलं, कारण माझा अनुभव दांडगा. पहिलं पातं मी स्वतः चालवलं. तीन महिन्यांची रेघ दहा मिनिटांत जमिनीवर टरफलांसारखी पडली.

घरी मात्र मी वेगळंच सांगितलं. निवडीच्या दिवशी मी जिना चढून वर आलो तेव्हा बायको दारातच होती. तिने चौदा रविवार पाटावर बसून जेवण केलं होतं. "झाली का निवड? कुणाची?" तिने विचारलं. मी चपला काढता काढता म्हणालो, "माझी." तिने आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. खरं सांगायला दुसरा दिवस होता, तिसरा होता, पुढे तीन वर्षं होती. गाडी बाजारात आली, पेठेच्या बोळांतूनसुद्धा दिसायला लागली. दिसली की ती माझा दंड दाबायची आणि मी दुसरीकडे बघायचो. तिला वाटायचं, ह्यांना गर्व नाही.

मग त्याच्या नव्या घराची वास्तुशांत आली. त्याने सगळ्या खात्याला सपत्नीक बोलावलं होतं. मी बायकोला नेणं टाळायचा प्रयत्न केला, पण वास्तुशांतीचं आमंत्रण तिने कधी सोडलेलं नाही. आम्ही लोणी काळभोरला पोचलो. अंगणात ती गाडी उभी होती, पुढे झेंडूची माळ. गाडीपाशी त्याची आई उभी होती, हिरव्या नऊवारीतली, पासष्टीची, एका गुडघ्याने लंगडणारी. "या ताई, या साहेब," ती म्हणाली. तिच्या मागून तो आमच्यासाठी पाण्याचे पेले घेऊन आला.

बायकोने माझ्या पुढे होऊन गाडीवरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, "ही गाडी आमच्या ह्यांनीच डिझाइन केलीय बरं का."

आई आमच्याकडे बघत राहिली, मग लेकाकडे वळली. "तू काढलीस म्हनला होतास ना रं?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं.

"सरांचीच हाय आई," तो म्हणाला. "मी आपला हाताखाली होतो."

एवढी गाडी त्याने पाण्याचा पेला द्यावा तशी देऊन टाकली. पुढे अजून वीस गाड्या काढणार आहोत हे ठाऊक असलेल्या माणसालाच ते परवडतं. माझ्याकडे ही एकच होती, आणि तीही त्याची. त्या घटकेला त्याचा जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कधी कुणाचा वाटला नाही.

आईचा चेहरा मात्र उजळला. "मंग तुमचे लई उपकार हायेत साहेब," ती म्हणाली. "आमच्यात बायामानसं कायम मागं. जीपमदी चढताना ह्यो गुडघा उचलत नव्हता, अन चढलं तरी म्होरच्यांच्या टकुऱ्याबिगर काय दिसायचं न्हाई. आता मागं बसून शेत दिसतं, पार कॅनॉलपत्तुर." तिने आतून शाल आणि नारळ मागवला. पाहुण्या पुरुषाला शाल तिने स्वतः घालायची नाही म्हणून ती लेकाच्या हातात दिली.

त्याने घडी मोडली आणि शाल माझ्या खांद्यांवर नीट बसवली, दोन्ही बाजू सारख्या करून. मग नारळ पुढे केला. बोलायला तेव्हाही वेळ होता. बायको डोळे पुसत होती.

मी दोन्ही हात पुढे केले आणि नारळ घेतला.