साक्षीदार बाहेरचा हवा!

आमच्या शनिवारच्या बैठकीतला एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो, आणि समोरचा चहा गार होतो. कसबा पेठेत एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही चार साठीपुढची माणसं इतिहास वाचायला जमतो. इतिहास थोडा, वाद फार! मी चिटणीस. म्हणजे वही माझ्याकडे. हजेरी घ्यायची आणि कोण काय बोललं ते लिहायचं.

नियम एकच, आणि तो गोडबोले सरांनी केलेला. सरांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. देवावर विश्वास नाही. तसा माणसांवरही बेताचाच. कुणी घराण्याची थोरवी सांगायला लागलं की सर चष्मा काढतात. "घरच्यांची साक्ष चालणार नाही. साक्षीदार बाहेरचा हवा!"

एकदा मी माझ्या आजीच्या सुगरणपणाबद्दल बोलले, तर मलाही हेच ऐकवलं.

*

यंदाचा विषय साळवेंनी आणला. साळवे पोस्टातून निवृत्त झालेले, पिढीजात ख्रिस्ती, आवाज कधी चढणार नाही. पत्नी गेल्यापासून नात रूथ हाच त्यांचा जीव. ती इंजिनिअरिंगला आहे. तिने एक दिवस विचारलं, "आजोबा, येशूबद्दल बायबलच्या बाहेर कुणी काही लिहिलंय का? की सगळं आपणच आपलं लिहिलंय?" आणि चर्चला यायचं बंद केलं.

"तिला खोटं सांगायचं नाहीये," साळवे म्हणाले, "आणि खरं सांगून ती दुरावली, तर मला सोसणार नाही."

सरांनी चष्मा पुसला. "विषय घेऊ. पण नियम तोच राहील."

"म्हणून तर इथे आणलाय, सर."

*

पहिल्याच शनिवारी घोटाळा. साळवे मराठी बायबलमधून वाचत होते, की येशूला वधस्तंभावर देणारा सुभेदार म्हणजे पंतय पिलात. आमचे थोरात अण्णा मांजरीहून येतात, ऊस सांभाळून. स्वारगेटला बस बदलायची, त्यामुळे दर वेळी उशीर. ते नेमके त्याच क्षणी दारात.

"पंत? आन् सुभेदार? म्हंजी हितलाच की!"

"अण्णा, तो रोमन होता," सर म्हणाले.

"आसंल. पर पेठ कोन्ची?"

पुढे कळलं, की पिलाताचं नाव कोरलेला त्या काळचा दगडच सापडलाय. सर खूश! कोरलेल्या दगडापुढे सर मान झुकवतात. मी वहीत लिहिलं: सुभेदार सिद्ध, पेठ अनिश्चित.

*

मग निघाला एक रोमन इतिहासकार. त्याने ख्रिस्ती लोकांच्या धर्माला चक्क घातक अंधश्रद्धा म्हटलंय, आणि त्याच ओघात लिहून गेलाय की त्यांच्या ख्रिस्ताला पिलाताने मृत्युदंड दिला. वाचता वाचता साळवेंचा चेहरा उतरला. सर मात्र खुर्चीतून उठले.

"अहो, तोंड काय पाडताय? ही तर सोन्यासारखी साक्ष! मित्र काय, कौतुक करणारच. विरोधक कशाला तुमच्या बाजूने बोलेल? विरोधकाची साक्ष सगळ्यांत वजनदार!"

"पण सर, तो शिव्या देतोय."

"म्हणून तर!"

त्या दिवसापासून सरांचं टोचून बोलणं साळवे फार मनावर घेईनासे झाले.

*

मग एका ज्यू इतिहासकाराने आम्हाला तीन शनिवार झुलवलं. त्याच्या ग्रंथात येशूची भरघोस स्तुती आहे, पण नंतरच्या कुणा ख्रिस्ती नकलकाराने तिच्यात भर घातली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. "स्थळाच्या बायोडेटावर आत्याबाईंनी हात फिरवलाय!" असं म्हणून सरांनी निम्मा उतारा कापला. साळवेंनी मुकाट्याने मान हलवली.

दुसऱ्या जागी त्याच इतिहासकाराने जाता जाता एवढंच म्हटलंय, की ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब याला मारलं.

अण्णा खडबडून जागे झाले. "भाऊ व्हता? मंग वाद मिटला! भावकी हाय म्हंजी मानूस हुताच. आमच्या सातबाऱ्यावर बघा की!"

सरांनीही हात वर केला. ठराव एकमताने मंजूर.

*

एका रोमन अधिकाऱ्याने बादशहाला पत्र लिहिलंय: हे लोक पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणी म्हणतात, यांचं करायचं काय?

साळवेंमधला पोस्टमास्तर जागा झाला. "उत्तर आलं का?"

"आलं ना. तेही उपलब्ध आहे."

"सरकारी पत्राला उत्तर!" साळवे हात जोडून म्हणाले. "सर, चमत्कारांवर आता तरी विश्वास ठेवा!"

सर हसले. वहीत नोंद आहे.

*

शेवटच्या शनिवारी रूथ आली. साळवेंनी चार महिन्यांचं सगळं तिच्यापुढे मांडलं, काही न लपवता. येशू होऊन गेला. वधस्तंभावर मेला. त्याचे लोक त्याला देव मानून गात होते. एवढं बाहेरचे सांगतात.

"आणि तिसऱ्या दिवशी उठला, ते?"

साळवेंचा आवाज बारीक झाला. "लोकांचा तसा विश्वास होता, एवढंच दिसतं. उठताना पाहिलेला बाहेरचा साक्षीदार नाही, बाळा."

मला तर वही मिटून घरी जावंसं वाटलं.

तेवढ्यात सरांनी घसा खाकरला. "बाई, तीन वर्षांपूर्वीची वही काढा. साळवेंची हजेरी वाचा."

मी वाचली. ओळीने बारा शनिवार गैरहजर. मग हजर.

"तुझी आजी गेली तेव्हाचं आहे हे," सर रूथला म्हणाले. "तू होस्टेलवर होतीस. आम्ही भेटायला जायचो तर हे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवण नाही, बोलणं नाही. हा माणूस संपला, असं मी स्वतः अण्णांना म्हणालो होतो. आणि ईस्टरच्या सकाळी, येशू उठला म्हणता ना तुम्ही, त्याच दिवशी साडेसहाला माझी बेल वाजली. दारात तुझे आजोबा. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. म्हणाले, 'सर, चला फिरायला.'"

सरांनी चष्मा काढला. "दोन हजार वर्षांपूर्वीचं मला ठाऊक नाही. हे उठले, ते मी पाहिलंय. बाई, लिहून घ्या."

रूथने आजोबांचा हात धरला होता. डोळे भरलेले, पण नात साळवेंची. नियम पक्का शिकून आलेली.

"पण काका, तुम्ही तर आजोबांचे मित्र आहात ना?"

"मित्र?" सर ओरडले. "कोण म्हणालं? मी विरोधक आहे!"