कुठं अडलं विचारणाऱ्या बाई

आमच्या शाळेतल्या बाईंना कुठलीही चांगली बातमी सांगा, त्या मान जराशी वाकडी करायच्या आणि विचारायच्या, "बरं. कुठं अडलं?" पोरानं कविता म्हटली, कुठं अडलं? माझा गुडघा बरा झाला म्हणालो, तर त्यावरही, "उठताना कुठं अडतं?" शाबासकी नावाची काही चीज असते हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. जवळ असली की नकोशी वाटतात.

मी शाळेच्या समितीचा अध्यक्ष. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, तेही अर्धंच. पण गावात माझ्याइतकं मोठ्यानं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अध्यक्ष. शाळा सुधारायची म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. भिंती रंगवून घेतल्या, त्यांवर नकाशे काढून घेतले, फाटकावर लोखंडी कमान बसवली आणि तिच्यावर माझं नाव शाळेच्या नावाएवढंच मोठं लिहून घेतलं. बाई हजर झाल्या त्या दिवशी मी त्यांना आधी कमानीखाली उभं केलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आता आत जाऊ. तिसरीत वाचता किती जणांना येतं?"

"समद्यांला," मी म्हणालो. अध्यक्षानं कमी कशाला सांगायचं?

बाईंनी नियम काढला. रोज संध्याकाळी मुलानं घरी एक पान मोठ्यानं वाचायचं, घरच्या माणसानं ते ऐकायचं आणि वहीत सही करायची. आमच्या घरी ऐकणारा मी. मुलगा आणि सून दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. आधी माझी नात दुर्गाही त्यांच्याबरोबर जायची, तिकडं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, धाकट्या भावाला सांभाळायची. तिसरीच्या साली मी हट्टानं तिला ठेवून घेतली. ट्रॅक्टरमध्ये चढताना मुलगा म्हणाला, "आबा, ठिवतो. पण आल्यावर बघीन. वाचायला आलं न्हाई तर पुढल्या साली संग नेणार. मंग भांडायचं न्हाई."

"ईल की रं! माझी नात हाय ती!"

दुर्गा खडाखडा वाचायची. मी बाजेवर डोळे मिटून ऐकायचो आणि झोकात सही ठोकायचो. सही मला चांगली येते.

एके दिवशी बाई घरी आल्या. दुर्गानं त्यांच्यापुढं अख्खं पान घडाघडा म्हटलं. मी मिशीवर हात फिरवला. बाईंनी चित्रावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "आता मधूनच वाच. ही ओळ." पोरगी पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागली. पहिल्यापासून सुरू केलं की धडाधड, मधल्या ओळीवर बोट ठेवलं की गप्प. वर्गातल्या पोरांचं ऐकून ऐकून तिनं सगळं पुस्तक पाठ केलं होतं.

"आबा, सह्या कशावर केल्या?"

"ऐकण्यावर."

"पानावर नजर होती का?"

आता यांना काय सांगू? नजर असती तरी काय उजेड पडणार होता? मी तापलो. "मी अध्यक्ष हाय! माझी परीक्षा घेता का?" म्हणालो, वही भिरकावली आणि शाळेकडं फिरकणं बंद केलं.

बाई मात्र शाळा सुटली की रोज आमच्या ओट्यावर. एकच म्हणणं, आबांनी पोरीजवळ पुस्तक घेऊन बसावं. पाच दिवस मी बोललो नाही. सहाव्या दिवशी आमची म्हातारी त्यांना म्हणाली, "बाई, तुमी ह्यांचा नाद सोडा. ह्यांनी दोन अक्षरं जुळवूस्तोवर म्हशीची धार काढून होती."

मी म्हशीपाशी बसून ऐकत होतो. वाटलं, आता बाई हसणार. तर त्या उठून उभ्याच राहिल्या.

"मग आबाच पाहिजेत! घाई करणारा माणूस मला नकोच होता."

ठरलं असं. पानावर बोट माझं. मी अक्षर जुळवत बोट पुढं सरकवायचं, बोट जाईल तेवढंच दुर्गानं वाचायचं. पुढं पळाली तर पुन्हा पहिल्यापासून. माझं बोट बैलगाडीपेक्षा हळू. पोरगी रडकुंडीला यायची. "आबा, हला ना आता!"

"थांब गं, हितं जोडाक्षर हाय."

आमची लई भांडणं झाली. पण पाठ केलेलं माझ्या बोटापुढं चालेना, तिला अक्षराकडं बघावंच लागलं. संक्रांतीपर्यंत ती बोटाच्या पुढं गेली आणि मी मागं राहिलो. राग आला नाही असं म्हणणार नाही.

पाडव्याच्या सुमाराला मुलगा परत आला. सामान उतरवायच्या आधी त्यानं भज्यांची पुडी सोडली आणि पुडीचा तेलकट वर्तमानपत्राचा कागद दुर्गापुढं धरला. "हं, वाच." कागदावर एकही चित्र नव्हतं. कुठल्याशा विहिरीच्या भांडणाची बातमी होती. दुर्गानं हळूहळू धरली, दोनदा थांबली, पण शेवटापर्यंत पोचली. मुलानं त्या तेलकट कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"पुढल्या साली बी ऱ्हाऊ द्या हिला," तो म्हणाला. सून तोंडाला पदर लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी छाती काढून शाळेत गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मान वाकडी केली. "कुठं अडलं?"

"न्यायालयापाशी," मी म्हणालो. "मी बी तिथंच अडलो."

तेव्हा मात्र बाई हसल्या. तेवढ्या एकदाच.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. आम्ही निरोप समारंभ ठेवला. भाषणं झाली. माझं जरा लांबलं असं लोक म्हणतात. हार झाले, फोटो झाले, पण दुर्गा कुठंच दिसेना. जिच्यासाठी या बाईंनी आमचा उंबरा झिजवला, तिला पाया पडायलाही यायला होत नाही? मी तणतणत शोधायला निघालो. बाई मागोमाग आल्या.

शेवटच्या वर्गात खिडकीखाली दुर्गा गोष्टीचं पुस्तक घेऊन बसली होती. माझ्या भाषणाला कंटाळून आली असणार. ओठ हलत नव्हते. नजर तेवढी ओळींवरून सरकत होती. मधेच आपल्याशीच हसली.

मी हाक मारायला तोंड उघडलं. बाईंनी माझा दंड धरला. "राहू द्या, आबा. गोष्ट संपू द्या तिची."

त्या रोज केजहून स्कूटीवर यायच्या. त्या दिवशी त्यांनी शाळेपाशी स्कूटी चालू केली नाही. दुर्गा बसली होती त्या वर्गाच्या भिंतीकडेनं हातानं ढकलत नेऊ लागल्या. मीही मागून हात लावला. पार रस्त्याच्या वळणापर्यंत आम्ही ती तशीच नेली. तिथं गेल्यावर त्यांनी किल्ली फिरवली.