शेवटच्या खुर्चीचा वाटा

रापणीचं, म्हणजे गावाने मिळून दोरांनी ओढायचं, मोठं जाळं किनाऱ्याला लागलं, की मासळीचे वाटे घालावे ते बाबुशनेच. अख्ख्या गावाचा विश्वास त्याच्यावर. वाटे घालणाऱ्याने आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा, ही तिथली रीत. बाबुशने ती जन्मभर पाळली.

माणूस एवढा चोख, पण रापण संघाच्या कमिटीतल्या चारही खुर्च्या कायम थोरल्या वाडीच्या. त्यातली एक त्याची स्वतःची, आणि तिच्यावर त्याचा भारी जीव! धाकटी वाडी दोर ओढायला सगळ्यांबरोबर, कमिटीत मात्र कोणी नाही. हात वर करून मतदान. थोरलीचे हात जास्त, विषय संपला.

या मे महिन्यात पुतणी डेल्सी लिस्बनहून आली. तिकडच्या संसदेत जागा कशा वाटतात, ते तिने वाळूत बोटाने आकडे काढून दाखवलं. मत द्यायचं पक्षाच्या यादीला, आणि मिळतील तेवढ्या जागा यादीतल्या नावांना वरून क्रमाने. पक्षाला एक जागा मिळाली, की त्याची मतं निम्मी धरायची. दोन मिळाल्या, की तिसरा हिस्सा. दर खेपेला ज्याचा आकडा मोठा, पुढची जागा त्याची. मोठा घेत घेत हलका होत जातो आणि लहानाची पाळी येते. बाबुश आ वासून बघत राहिला. राज्य चालवणाऱ्यांचेसुद्धा असे वाटे घालतात? कमिटीच्या खुर्च्याही अशाच वाटायच्या, दर वाडीची एक यादी, असा त्याने ध्यासच घेतला. थोरली वाडी कुरकुरली, पण बाबुशच्या शब्दाखातर कबूल झाली.

थोरल्या वाडीची यादीही त्यानेच लिहिली. हाताला सवय, आपलं नाव शेवटी, चौथं.

किनाऱ्यावरच कमिटीच्या खुर्च्या मांडून मतं मोजली. थोरलीला साठ, धाकटीला सोळा. पहिली खुर्ची थोरलीची. साठाचे निम्मे तीस, दुसरीही तिचीच. तिसरा हिस्सा वीस, तिसरीही गेली. धाकट्या वाडीच्या यादीत पहिलं नाव सुभद्राचं. ती पदर सावरून घरी निघालीच होती. डेल्सीने साठाला चाराने भागलं आणि काकाकडे बघत थांबली. पंधरा. धाकटीचे सोळा अजून तसेच्या तसे.

बाबुशच्या काळजात चर्र झालं, खोटं कशाला सांगा. यादीत एक घर वर असता, तर खुर्ची राहिली असती. पण त्या सोळावरून त्याची नजर हटेना. त्या हिशोबाला ना वाडी ठाऊक, ना बाबुश.

त्याने उठून आपली खुर्ची सुभद्रापुढे ठेवली.

"जल्मभर मासळीचे वाटे घातलंय," तो म्हणाला, "पण ह्यो तुमचो वाटो माका कधी दिसलोच नाय. बस गो."

आणि तो सगळ्यांच्या मागे जाऊन वाळूत बसला.