घोड्याचा बिल्ला

जुन्या बाजारात भंगारवाल्याच्या ताटात एक पितळी बिल्ला दिसला. त्यावर उधळलेला घोडा होता, बोटांनी झिजून पुसट झालेला.

"गुत्त्यातला आहे, ताई. हा दिला की दारूचा एक ग्लास मिळायचा," तो म्हणाला.

मला ठाऊक होतं. हाच घोडा आमच्या गल्लीच्या टोकाला, गुत्त्याच्या पाटीवर लाल रंगात होता. गिऱ्हाइकांना वाचता येत नसे, म्हणून नावाऐवजी चित्र. माझे वडील मात्र पोथीसुद्धा खणखणीत वाचत. वाचता येत नव्हतं ते आईला. रोज संध्याकाळी ती त्यांना शोधत निघायची आणि त्या घोड्याखाली उभी राहायची. आत जायची चोरी होती.

बिल्ला मी परत ठेवला. अख्ख्या शहरात आईला वाचता आलेली पाटी एवढी एकच.