जामू म्हणजे औषध नव्हे

जावा बेटातल्या आमच्या बाजूला म्बोक लास्त्री, म्हणजे आमची लास्त्रीमावशी, जामू विकायची. पाठीवर टोपली, टोपलीत हळद-चिंचेच्या, आल्याच्या, कडू पाल्याच्या काढ्याच्या बाटल्या. एका मास्तरांनी तिला ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द शिकवला, शरीराला गंज चढू न देणारं काहीतरी, अशा अर्थानं. बाई एवढी खूश, की पेला भरला की म्हणायची, “घ्या, गंज उतरेल!”

तिचा नवरा सार्पिन. गेल्या साली त्याच्या काळजाची झडप बदलली, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची मागे लागली. एका सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं ते थांबेचना. लास्त्रीनं काय केलं? हळदीनं जखम भरते, म्हणून रोजच्या एकाचे तीन पेले केले! आठवड्यात त्याच्या हातांवर जांभळे डाग उमटले, लघवी लाल झाली. तशीच त्याला रिक्षात घालून तिनं इस्पितळ गाठलं.

“या गोळीशिवाय दुसरं कुठलं औषध घेता?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकही नाही हो,” लास्त्रीच म्हणाली.

तीनदा विचारलं, तीनदा तेच. आणि बाई खोटं बोलत नव्हती! औषध आजारी माणूस घेतो. जामू आजारी पडू नये म्हणून पितात. तिला औषध कोण म्हणेल?

डॉक्टर कोड्यात पडले. गोळी मापातली, मग रक्त इतकं पातळ का? तेवढ्यात नर्स रात्मीनं उशाचा थर्मास उचलला.

“मावशी, यात काय आहे?”

“जामू.”

“किती पाजलीत?”

“आज दोनच पेले. तिसरा राहिलाय अजून.”

“नको म्हटलं तरी ओततेच,” सार्पिन पडल्या पडल्या कुरकुरला. “न पटणारं गिऱ्हाईक मी एकटाच, तेही फुकटचं!”

डॉक्टर हसले नाहीत. “जेवणातली हळद चांगलीच. पण या गोळीवर असा दाट काढा रोज तीनदा? गोळीचा जोर वाढतो, रक्त थांबत नाही. चांगली गोष्टही सगळ्यांना, हवी तेवढी, चालत नसते.”

लास्त्रीला रडूच फुटलं. “म्हणजे माझ्याच हातानं...”

“अगं, रडू नकोस,” सार्पिन म्हणाला, “उशी आधीच माझ्या रक्तानं ओली आहे.”

इंजेक्शन दिलं, थर्मास बाहेर गेला. दोन दिवस बाईचे डोळे त्या उशीवरच. डाग दिसला की नर्सला हाक मारायची, आणि तो जुनाच निघायचा. तिसऱ्या सकाळी रात्मीनं नवी खोळ घातली, ती दुपारपर्यंत पांढरीच राहिली. तरी लास्त्रीचा जीव भांड्यात पडेना. ती तासातासाला त्याचा ओठ उलटून हिरडी बघायची.

डॉक्टर कागद घेऊन बसले. “आता औषधाचं विचारतच नाही. यांच्या तोंडात काय काय जातं तेवढं सांगा.”

तिनं पदर सावरला. “हळद झाली. आलं, चिंच, विड्याच्या पानाचा रस, मँगोस्टीनच्या फळाच्या सालीचं पाणी...”

कागदाची एक बाजू भरली, दुसरी भरत आली.

“डॉक्टरसाहेब,” सार्पिन म्हणाला, “वहीच आणा.”