तो मळ नव्हता

बायको गेली आणि सुतक फिटलं त्या दिवशी आम्ही घर धुवायला काढलं. थोरली बहीण मुक्कामाला होती. तिनं पडदे, अंथरुणं, देवाची भांडी, बायकोच्या उशीचा अभ्रासुद्धा धुवायला टाकला. म्हणाली, काही ठेवायचं नाही, सगळ्यावरून पाणी फिरलं पाहिजे. मी फिश टँककडे वळलो.

टँक बायकोचा. गुडघे गेले तेव्हापासून तिचं बाहेर जाणं बंद झालं होतं, म्हणून मुलीनं आणून दिला होता. खाऱ्या पाण्याचा, लहानसा. त्यात नारिंगी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे, दोनच. मागच्या काचेला फिल्टर टांगलेला, त्यात स्पंज आणि चिनी मातीचे तुकडे. ती टँकमधलं पाणी बादलीत काढायची आणि त्याच खराब पाण्यात स्पंज नुसता पिळायची. मी जन्मभर मकरपुऱ्याच्या कारखान्यात फिटर होतो. मशीनचा फिल्टर कसा साफ करतात ते मला शिकवायला नको. मी तिला म्हणायचो, "घाणीत घाण धुतेस." ती म्हणायची, "तुम्ही तुमची मशिनं बघा. इथं हात लावायचा नाही."

त्या दिवशी लावला. स्पंज नळाखाली धरून ब्रशनं घासला, पाणी नितळ येईपर्यंत. तुकडे गरम पाण्यातून काढले. आतले दगडसुद्धा सोडले नाहीत. बहीण म्हणाली, आता कसं लख्ख दिसतंय.

दोन दिवसांत पाणी दुधासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठा मासा तळाशी आडवा पडलेला. मेला होता. मी बाटलीत टँकचं पाणी भरलं, आमच्या तरसालीहून रिक्षा केली ती थेट निजामपुऱ्याला, बायको जिथून सामान मागवायची त्या दुकानात.

दुकानदारानं पाण्यात थेंब टाकले. पाणी हिरवं झालं. माशांच्या घाणीचं विष साठलंय, म्हणाला. फिल्टर कसा धुतला ते विचारलं. मी सांगितलं, काही लपवलं नाही. वर म्हटलं, यापेक्षा मोठा फिल्टर दे, चांगलातला चांगला.

त्यानं बाटली बाजूला ठेवली. मग गुजरातीत म्हणाला, "काका, ए मेल नथी. एमां जीव छे."

मेल म्हणजे मळ. मी ज्याला मळ म्हणत होतो त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होते. माशांची घाण तेच खातात. मशीन फक्त पाणी फिरवतं, खरं काम ते करतात. नळाच्या पाण्यातल्या औषधानं ते मेले, उरलेले गरम पाण्यानं. नवा फिल्टर घेतला तरी तो कोराच असणार, तो म्हणाला, तुमचा आहे तोच पुरे. पाच वर्षं तिनं ते जीव सांभाळले होते. तिच्या हातचं घरात जिवंत राहिलेलं तेवढंच होतं, आणि मी ते ब्रशनं घासून मोरीत सोडलं.

त्यानं आपल्या टँकमधला एक काळपट स्पंज काढला, त्याच पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. म्हणाला, अर्धं पाणी आज बदला, बाकीचं रोज थोडं थोडं. खायला दोन दिवस काही घालू नका.

घरी आलो. आर.ओ.च्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवलं, खारटपणा मोजायच्या तिच्या काट्यावर बघून. दुकानाचा स्पंज माझ्या धुतलेल्या स्पंजाशेजारी बसवला. बहीण म्हणाली, दुसऱ्याची घाण घरात आणलीस. मी तिला गप्प बस म्हटलं. थोरल्या बहिणीला असं मी कधी बोललो नव्हतो.

उरलेला मासा धाकटा. तो दोन दिवस हीटरच्या मागे कोपऱ्यात तोंड खुपसून राहिला, कल्ले जोरजोरात हलत होते. मी खुर्ची टँकसमोर ओढली. बायको दवाखान्यात होती तेव्हा असा बसलो नव्हतो. डॉक्टर आहेत ना, म्हणून मी बाहेर चहाला जायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक दाणा सोडला. तो खाली जात राहिला. मासा कोपऱ्यातून निघाला, दाणा तोंडात घेतला, थुंकला, वळून पुन्हा घेतला आणि गिळला.

मी दुसरा दाणा सोडला नाही. एवढ्या पाण्याला आज एकच झेपेल.